डीपी ‘ऊर्जित’ होते म्हणजे नक्की काय होतं?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत या उन्हाळ्यात नवी डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, सरकारी मराठीत ‘रोहित्र’, बसली. जुनीवरचा रंग कोणत्या साली दिला होता हे कोणालाच आठवत नव्हतं, तिच्या अंगावरचे तेलाचे ओघळ मात्र सगळ्यांच्या ओळखीचे होते. नवी आली, क्रेनने चौथऱ्यावर चढली, आणि जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली: ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की नवीन रोहित्र गुरुवार रोजी दुपारी ४ वाजता ऊर्जित करण्यात येईल.’

तळमजल्यावरच्या आजींनी ती चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचली आणि मला विचारलं, "ऊर्जित करणार? का गं, आत्ता अशक्त आहे का ते?"

मी तांत्रिक भाषांतराची कामं करते. त्यामुळे असला प्रश्न इमारतीत कोणालाही पडला की तो माझ्याच दारात येतो. "सुरू करणार असं म्हणायचंय त्यांना," मी म्हटलं. फाटकापाशी केबलला हिरवी टेप गुंडाळत बसलेल्या वायरमनने मान वर न करताच दुरुस्ती केली. "सुरू नाही ताई. चार्ज करणार. सुरू नंतर."

चार शब्दांत त्याने माझं भाषांतर खोडलं, आणि बरोबर खोडलं. या लेखातलं बरंचसं त्या चार शब्दांचंच स्पष्टीकरण आहे.

मूळ इंग्रजी क्रियापद ‘एनर्जाइझ’. शब्दकोश उघडला तर ‘ऊर्जा देणे’, ‘उत्साहित करणे’, ‘जोम आणणे’ असे अर्थ मिळतात. माणसांच्या बाबतीत ते ठीक आहेत. यंत्रांच्या आणि तारांच्या बाबतीत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आणि फार नेमका आहे: एखादी वस्तू विजेच्या स्रोताला जोडणे, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज येईल. बस, एवढंच. ती वस्तू काही काम करतेय का, तिच्यातून कोणाला वीज मिळतेय का, हे या शब्दात येत नाही.

आमच्या डीपीचंच बघा. रोहित्राला दोन बाजू असतात. एका बाजूने ११ किंवा २२ हजार व्होल्टची लाईन आत येते, दुसऱ्या बाजूने घरांना चालेल अशी वीज बाहेर पडते: दोन फेजमध्ये साधारण ४०० व्होल्ट, एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३०. नवं रोहित्र बसवलं की आधी मेगर लावून इन्सुलेशन तपासतात. मग घरांकडे जाणारा स्विच बंदच ठेवून फक्त वरची, उच्चदाबाची बाजू जोडतात. त्या क्षणी एक ‘धप्प’ असा दबका आवाज येतो आणि पाठोपाठ ‘हंऽऽ’ सुरू होतं. इंग्रजीत या क्षणी ट्रान्सफॉर्मर ‘एनर्जाइझ्ड’ झाला. आमच्या वायरमनच्या भाषेत डीपी ‘चार्ज’ झाली. आणि त्याच क्षणी सोसायटीतला एकही पंखा फिरत नसतो. तसंच थोडा वेळ ठेवतात, घरांकडच्या बाजूला व्होल्टेज नीट येतंय का मोजतात, फेजचा क्रम बघतात, आणि सगळं मनासारखं असेल तर मग खालचा स्विच टाकतात. तेव्हा आपण म्हणतो, ‘लाईट आले.’

म्हणजे ४ वाजता चार्ज आणि पावणेपाचला सुरू. मधल्या पाऊण तासाला मराठीत नाव नव्हतं, म्हणून सूचना लिहिणाऱ्याने कुठूनतरी ‘ऊर्जित’ आणला.

त्या ‘हंऽऽ’चंही जाता जाता सांगते, कारण तो आवाज म्हणजे ‘एनर्जाइझ्ड’ या शब्दाचा कानाला कळणारा अर्थ आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण हेलकावा घेते. रोहित्रातला लोखंडी गाभा प्रत्येक हेलकाव्यात दोनदा चुंबकीय होतो, आणि चुंबकीय होताना लोखंड किंचित, डोळ्यांना न दिसेल इतकं, आकार बदलतं. म्हणून सेकंदाला १०० कंपनं होतात आणि तो घुमारा ऐकू येतो. सगळी सोसायटी गावाला गेली, एक दिवाही लागलेला नसला, तरी डीपी घुमतच राहते, आणि गाभा असा उलटसुलट चुंबकीय करण्यात थोडी वीज सतत खर्च होत राहते. सुरुवातीच्या ‘धप्प’चं कारण वेगळं. जोडल्याबरोबर अगदी थोड्या काळासाठी रोहित्र नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतं. गाभ्याचं चुंबकत्व एकदम नको तेवढं ताणलं जातं आणि मग हळूहळू ताळ्यावर येतं. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. वायरमन दचकत नाही, तो त्या आवाजाची वाटच बघत असतो.

व्होल्टेज आहे पण करंट नाही, ही कल्पना पुणेकराला समजायला खरं तर अवघड जायला नको. गुरुवारी पाणी बंद असलं की महापालिकेचं एक वाक्य आपल्याला पाठ आहे: ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.’ नळ बंद आहे, पण पाईप भरलेला आहे आणि त्यात दाब आहे, ही झाली ‘एनर्जाइझ्ड’ अवस्था. नळ सोडल्यावर धार लागते तो करंट. दाब असूनही धार नसू शकते, तोटी उघडेपर्यंत ती नसतेच. व्होल्टेजला ‘दाब’ म्हणणारी सरकारी मराठी इथे एकदम अचूक आहे. वीजबिलावरचे ‘लघुदाब’, ‘उच्चदाब’ हे शब्द ज्याने घडवले त्याला विषय समजलेला होता.

आपली बोलीभाषा मात्र इथे गडबड करते. ‘त्या तारेला हात लावू नको, करंट आहे.’ ‘वॉशिंग मशीनच्या अंगात करंट उतरलाय.’ काटेकोर बोलायचं तर त्या तारेत करंट नाही, दाब आहे. करंट तुम्ही हात लावल्यावर, तुमच्यातून, सुरू होणार आहे. पण मी ही दुरुस्ती कोणाला सुचवणार नाही. ‘करंट आहे’ ऐकून माणूस हात मागे घेतो, आणि तेवढ्यासाठीच ते वाक्य बोललेलं असतं.

आता ‘ऊर्जित’ का चुकतो ते बघू. हा शब्द मराठीत रिकामा नव्हता. आपण ‘ऊर्जितावस्था’ म्हणतो. एखाद्या बुडत्या संस्थेला ऊर्जितावस्था येते, रंगभूमीला येते, गावच्या बाजारपेठेला येते. म्हणजे भरभराट, बरे दिवस. संस्कृतात ‘ऊर्ज्’ म्हणजे बळ, जोम, अन्नातला कस. कार्तिक महिन्याचं वैदिक नावच ‘ऊर्ज’ आहे. पावसाळा संपून धान्य घरात यायला लागतं तो हा काळ. त्यामुळे ‘रोहित्र ऊर्जित झाले’ म्हटलं की मराठी कानाला ते धष्टपुष्ट झाल्यासारखं वाटतं. आजींचा प्रश्न थट्टेचा होता, पण भाषेच्या दृष्टीने तो रास्तच होता.

ग्रीक मुळाची गोष्ट वेगळी. ‘एनर्जी’च्या मागे ‘एनर्गेइया’ हा शब्द आहे. ‘एन’ म्हणजे आत, ‘एर्गोन’ म्हणजे काम. अॅरिस्टॉटलने तो ‘डायनॅमिस’च्या, म्हणजे नुसत्या सुप्त क्षमतेच्या, विरुद्ध बाजूला ठेवला. जे होऊ शकतं ते डायनॅमिस, जे प्रत्यक्ष होतंय ते एनर्गेइया. पदार्थविज्ञानात ‘एनर्जी’ हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळ आणला थॉमस यंगने, १८०७ साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत. म्हणजे ग्रीक शब्दात काम आहे आणि संस्कृत शब्दात बळ. ‘ऊर्जा’ हे ‘एनर्जी’चं भाषांतर म्हणून आता इतकं रुळलंय की ही फट जाणवत नाही. त्या नामाचं क्रियापद करायला गेलं की जाणवते.

या फटीत मी स्वतः पडलेली आहे. काही वर्षांपूर्वी लिफ्टच्या देखभालीची एक पुस्तिका मराठीत करून दिली होती. त्यात ब्रेकचा भाग होता. मी इमानेइतबारे लिहिलं, ‘ब्रेक ऊर्जित झाल्यावर मोटर फिरू लागते.’ पुस्तिका वाचून शिकणाऱ्या मुलांपैकी एकाने विचारलं, ब्रेकमध्ये ताकद आल्यावर मोटर फिरेल कशी, ती थांबायला हवी ना?

त्याचं बरोबर होतं. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगने लागतो. वीज नसताना स्प्रिंग ब्रेकला आवळून धरते. कॉइलला वीज मिळाली की तिचं चुंबक होतं, ते स्प्रिंगच्या विरुद्ध ओढतं, आणि ब्रेक सुटतो. म्हणूनच लाईट गेले तर लिफ्ट खाली कोसळत नाही, जागच्या जागी अडकते. म्हणजे इथे ‘एनर्जाइझ’ होणं म्हणजे ब्रेकने आपलं काम सोडून देणं! हिंजवडीतल्या ऑफिसांत काचेच्या दारांना चुंबकी कुलपं असतात, त्यांचं बरोबर उलटं. वीज आहे तोवर कुलूप घट्ट, वीज तोडली की दार मोकळं, म्हणजे आग लागली तर माणसं आत कोंडली जाणार नाहीत. दोन्हीकडे क्रियापद एकच. ते वस्तूला बळ मिळालं की गेलं हे सांगत नाही, कॉइल जोडली गेली एवढंच सांगतं. पुढे काय होईल ते बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. त्या पुस्तिकेत मी नंतर ‘ब्रेकच्या कॉइलला वीज मिळाल्यावर ब्रेक सुटतो’ असं केलं. लांबलं, पण कोणी विचारायला आलं नाही.

आयटीआयच्या मुलांना रिले, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की आपोआप चालणारा स्विच, शिकवताना हाच घोळ आणखी एका ठिकाणी होतो. रिलेवर ‘नॉर्मली ओपन’ आणि ‘नॉर्मली क्लोज्ड’ असे संपर्क असतात. ‘नॉर्मली’चं भाषांतर ‘नेहमी’ केलं की फसलंच. काही रिले दिवसाचे चोवीस तास एनर्जाइझ्ड असतात, म्हणजे त्यांचा ‘नॉर्मली ओपन’ संपर्क व्यवहारात नेहमी जोडलेलाच असतो. इथे ‘नॉर्मली’ म्हणजे कॉइलला वीज नसताना. रिले दुकानातून आणून टेबलावर ठेवलाय, तेव्हाची स्थिती.

उलट बाजूचं क्रियापद ‘डी-एनर्जाइझ’. याचं भाषांतर सर्रास ‘बंद करणे’ असं होतं, आणि ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ‘बंद’ आणि ‘वीज तोडलेली’ यांत अंतर आहे. घरातलं उदाहरण सांगते. बटणाने फेजची तार तोडायची असते. पण जुन्या वाड्यांत किंवा घाईत केलेल्या वायरिंगमध्ये कधी बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं. बटण खाली केलं, दिवा विझला. दिवा ‘बंद’ आहे. होल्डरवर मात्र फेज तशीच उभी आहे, २३० व्होल्टसकट. स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याला ते दिसत नाही. टेस्टर लावला तरच दिसतं.

लाईनवर चढणारी माणसं म्हणूनच ‘बंद केलंय’ या शब्दावर चढत नाहीत. आधी परमिट घेतात, म्हणजे या लाईनवर माणूस आहे, मी सांगेपर्यंत कोणी ती जोडायची नाही, अशी लेखी नोंद. मग स्विच उघडतात आणि तो पुन्हा कोणी टाकणार नाही अशी व्यवस्था करतात. मग वीज खरंच गेली का ते तपासतात. आणि त्यानंतर तारा जमिनीशी जोडतात, अर्थ करतात. वीज तोडल्यावर पुन्हा अर्थ कशाला? कारण तोडलेली तार कुठूनही जिवंत होऊ शकते. कोणीतरी जनरेटर लावतो आणि चेंजओव्हर, म्हणजे एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच, नीट बसवलेला नसतो, की वीज घरातून उलटी डीपीकडे जाते. तिथे रोहित्र तेच काम उलट्या दिशेने करतं, आणि २३० व्होल्टचे हजारो होतात. शेजारून चालू लाईन जात असेल तर तिच्यामुळेही तोडलेल्या तारेवर दाब येतो. वनाझच्या पुलावरून जाणारी मेट्रोच बघा. तिच्या डोक्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. गाडी समोर असो वा नसो, ती तार कायम जिवंत धरूनच वागायचं असतं. गाडी दिसत नाही म्हणून तार मेलेली नसते.

‘जिवंत’ हा शब्द इथे सहज आला. इंग्रजीतही ‘लाइव्ह’ आणि ‘डेड’ म्हणतात, आणि मराठीत ‘जिवंत तार’ छान चालतं. पण ‘जिवंत’ विशेषण आहे. ‘रोहित्र जिवंत करण्यात येईल’ असं फळ्यावर लिहिलं असतं तर आजींनी काय विचारलं असतं, याची कल्पना करवत नाही.

आता वायरमनच्या ‘चार्ज’कडे. भारतातले वीजवाले, अगदी मोठे इंजिनीअरसुद्धा, ‘लाईन चार्ज केली’, ‘ट्रान्सफॉर्मर चार्ज केला’ असंच म्हणतात आणि अहवालातही तसंच लिहितात. बाहेरच्या देशांत ‘चार्ज’ बहुतेक बॅटरीसाठी ठेवलेला आहे, लाईनसाठी ‘एनर्जाइझ’. म्हणून आपला ‘चार्ज’ चूक का? मला तसं वाटत नाही. लांब केबल जोडली की ती खरोखरच थोडा विद्युतभार पोटात साठवते, आणि तोडल्यावरही काही काळ तो धरून बसते. अर्थ करण्याचं ते आणखी एक कारण. शब्द इंग्रजीचा असला तरी हा वापर आपल्याकडे मुरलेला आहे, आणि कोणाला अर्थ विचारावा लागत नाही इतका स्पष्ट आहे.

शिवाय ‘चार्ज’ची कहाणी ‘एनर्जाइझ’पेक्षा कितीतरी रंगतदार आहे. लॅटिनमध्ये ‘कारस’ म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल भरण्याचं क्रियापद झालं, फ्रेंचमधून ते इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणून उतरलं. ‘कार’ आणि ‘कार्गो’ ही त्याच घरातली भावंडं. माल भरणं, ओझं लादणं, यावरून बंदुकीत दारू भरणं, कोणावर जबाबदारी टाकणं, आरोप टाकणं, पैशाचा बोजा टाकणं असे सगळे अर्थ निघाले. म्हणून मराठी माणूस एकाच दिवसात मोबाईल चार्जिंगला लावतो, नव्या साहेबाने चार्ज घेतल्याचं ऐकतो, रिक्षावाल्याने जास्त चार्ज लावल्याची तक्रार करतो, आणि पेपरात चार्जशीट आणि लाठीचार्ज वाचतो. १७४० च्या दशकात विजेचे प्रयोग करणाऱ्यांकडे लायडन जार नावाच्या काचेच्या बरण्या होत्या, त्यांत वीज ‘भरता’ यायची. बेंजामिन फ्रँकलिनने अशा बरण्या एकत्र जोडल्या आणि त्या संचाला ‘बॅटरी’ म्हटलं. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. भरायची आणि उडवायची.

मराठी पाठ्यपुस्तकांनी याला ‘प्रभार’ केलं. धन प्रभार, ऋण प्रभार. आणि कार्यालयीन मराठीने मुख्याध्यापकाची जागा रिकामी असताना काम बघणाऱ्याला ‘प्रभारी’ केलं. विज्ञानाच्या तासाला प्रभार शिकणाऱ्या मुलाला आपले प्रभारी मुख्याध्यापक त्याच शब्दाचे नातेवाईक आहेत हे कोणी सांगत नाही. सांगितलं तर तो प्रभार त्याला जन्मभर लक्षात राहील, धन की ऋण ते त्याचं तो ठरवेल. एक गोष्ट मात्र या सगळ्या भरण्याच्या भाषेने आपल्या मनात चुकीची बसवली आहे. फोनची बॅटरी ‘फुल चार्ज’ झाली म्हणजे तिच्यात प्रभार वाढला असं नाही. एका टोकाने जेवढे इलेक्ट्रॉन आत जातात तेवढेच दुसऱ्याने बाहेर येतात, एकूण हिशेब शून्यच. भरते ती रासायनिक रूपातली ऊर्जा.

आणि आपलं स्वतःचं, अगदी जुनं क्रियापद विसरायला नको: भारणे. मंत्राने भारलेलं पाणी, भारलेला ताईत, भारलेली विभूती. वक्त्याने सभा भारून टाकली. वस्तू बाहेरून तशीच दिसते, पण तिच्यात काहीतरी सोडलेलं आहे. ‘एनर्जाइझ’ला इतका जवळचा मराठी शब्द दुसरा नाही, आणि नेमका तोच वापरता येत नाही, कारण त्याला मंत्रातंत्राचा वास आहे. हल्ली ‘एनर्जाइझ्ड पाणी’ विकणारे तांब्याच्या नळ्या आणि स्फटिक घेऊन प्रदर्शनांत बसतात. ते इंग्रजी शब्द वापरतात, पण अर्थ ‘भारलेलं’ हाच असतो. पाण्याच्या बाटलीला व्होल्टेज लावून ठेवता येत नाही. ती गरम करता येते, उंचावर ठेवता येते, यापलीकडे त्या विक्रेत्याने तिला कोणती ऊर्जा दिली हे त्याला विचारून बघावं.

त्या दुपारी मी आजींना पाईपचं आणि दाबाचं सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे प्राणप्रतिष्ठा म्हण की."

मी आधी हसले, पण उपमा पक्की आहे. कुंभाराकडून शाडूची मूर्ती आणली, मखरात बसवली, तरी ती तोवर मूर्तीच. कोणी तिला सरकवतं, कोणी सोंडेवरची धूळ पुसतं. प्राणप्रतिष्ठा झाली की मूर्तीत दिसायला काहीच बदललेलं नसतं, पण तिच्याशी वागायचे नियम बदललेले असतात. आणि जाताना उत्तरपूजा करून मूर्ती जागेवरून थोडी हलवतात, मगच ती उचलायची. अवस्था बदलते आणि आपण कसं वागायचं ते बदलते, वस्तू तीच. परमिट, तपासणी आणि अर्थ यांच्याशिवाय तारेला हात न लावणारा लाईनमन यापेक्षा वेगळं काय करतो?

शेतकऱ्यांनी या बाबतीत भाषांतराचा प्रश्नच निकालात काढला आहे. पिकाभोवतीच्या सौर कुंपणाला जे यंत्र जोडतात त्याचं इंग्रजी नाव ‘फेन्स एनर्जायझर’. जुन्नर-आंबेगावकडे, आणि बाकी महाराष्ट्रातही, त्याला ‘झटका मशीन’ म्हणतात. मूळ नावात कुंपणाचं काय होतं ते आहे, मराठी नावात डुकराचं काय होतं ते. हे मशीन काही हजार व्होल्टचे ठोके देतं, साधारण सेकंदाला एक, आणि प्रत्येक ठोका इतका क्षणिक आणि इतक्या मोजक्या ऊर्जेचा असतो की जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये तार सोडवून घ्यायला वेळही मिळतो. पैसे वाचवायला कुंपणात थेट घरातली वीज सोडणारे आहेत. ते २३० व्होल्टच, म्हणजे आकडा कमी, पण तिथे ठोका नसतो, धरून ठेवणारा अखंड दाब असतो. त्यात जनावरं मरतात, आणि बऱ्याचदा कुंपण घालणाऱ्याच्या घरातली माणसंही. दोन्ही कुंपणं ‘एनर्जाइझ्ड’च, आणि इंग्रजी क्रियापद त्यांच्यात फरक करत नाही. ‘झटका’ हा शब्द करतो.

माणसांना लावलेला ‘एनर्जाइझ’ थोडक्यात उरकते, कारण तिथे मराठीला काहीच कमी नाही. ऑफिसातल्या प्रशिक्षणात जेवणानंतर सगळ्यांना उभं करून टाळ्यांचा खेळ घेतात, त्याला ‘एनर्जायझर’ म्हणतात. त्याचं भाषांतर करू नये, तो प्रकारही टाळता आला तर बरं. चहाने तरतरी येते, बातमीने उभारी येते, ढोल वाजला की स्फुरण चढतं, चूल चेतवतात आणि माणसालाही चेतवतात. इंग्रजीत ‘एनर्जाइझ’ सकर्मक आहे, कोणीतरी कोणाला तरी करावं लागतं. मराठीत तरतरी आपली आपण येते. ‘चहाने मला ऊर्जित केले’ असं लिहिणाऱ्याने तो चहा प्यायलेला नसतो, नुसतं त्याचं भाषांतर केलेलं असतं.

याच कुटुंबातला ‘गॅल्व्हनाइझ’ मात्र फसवा आहे. बोलोन्याच्या लुइजी गॅल्वानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने उडताना पाहिले आणि १७९१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यावरून ‘गॅल्व्हनाइझ’ म्हणजे धक्का देऊन जागं करणं. पण प्लंबरच्या जीआय पाईपमधला ‘जी’ही तोच आहे, आणि तो पाईप बहुतेक वेळा वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला असतो. त्याला विजेचा स्पर्शही झालेला नसतो.

गुरुवारी सकाळी सेक्रेटरींनी माझ्याकडून नवी सूचना लिहून घेतली. ‘आज दुपारी ४ वाजता नव्या डीपीत वीज सोडली जाईल. घरातले लाईट त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने येतील. लाईट आलेले नसले तरी ४ नंतर डीपीच्या जाळीला कोणीही हात लावू नये.’ पाणी सोडतात तशी वीज सोडतात, हे मराठीत आधीपासूनच होतं. फक्त ‘सोडणे’त वाहणं गृहीत आहे, म्हणून दुसरं वाक्य घालावं लागलं. सेक्रेटरींनी वर ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की’ जोडलंच. वायरमन वाचून म्हणाला, "चार्ज लिहिलं असतं तर एका शब्दात झालं असतं."

चारला धप्प झालं, घुमारा सुरू झाला. चार चाळीसला लाईट आले, मुलांनी ओरडून घेतलं. मग कोणीतरी पाण्याचा पंप लावला आणि तो उलटा फिरायला लागला. तीन फेजपैकी दोन अदलाबदल झाल्या होत्या. लिफ्ट तर हललीच नाही, फेजचा क्रम चुकला की तिच्यातला रिले तिला चालूच देत नाही. वायरमनने कपाळावर हात मारला, खालचा स्विच पाडला, वरचा पाडला, परमिटसाठी फोन लावला. घुमारा थांबला.

आजी खिडकीतून म्हणाल्या, "हे काय, लगेच उत्तरपूजा?"